पुट अप विथ : 'बरोबर वर ठेवणे' म्हणजे सहन करणे कसं काय?

रोजची_धावपळ

मंडळी, शंका बालिश आहे, पण मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतेय.

लेक नववीत आहे. काल रात्री मी ओटा आवरत होते तेव्हा व्याकरणाची वही घेऊन आली. वहीत फ्रेझल व्हर्ब्जची यादी. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट ऑन म्हणजे अंगात घालणे आणि पुट अप विथ म्हणजे सहन करणे. म्हणाली, "आई, पुट म्हणजे ठेवणे. अप म्हणजे वर. विथ म्हणजे बरोबर. मग बरोबर वर ठेवणे म्हणजे सहन करणे कसं काय?" मी म्हटलं, पाठ कर. तर म्हणते, "म्हणजे तुलाही माहीत नाहीये."

खरंच नाही माहीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. बाईंनी ही यादी फळ्यावर लिहिली, 'हे असंच असतं' म्हणाल्या आणि डस्टर उचलला. मी गेली कित्येक वर्षं ऑफिसात इंग्रजीतून मेल लिहितेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. यामागे काही तर्क आहे की सगळा नशिबाचा खेळ?

अर्धा_कप

ताई, तर्क शोधायच्या भानगडीत पडू नका. भले भले हरलेत.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा तो प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत यावर एक उतारा आहे. क्रियापदाच्या मागे एखादा छोटा शब्द चिकटवून अर्थ फिरवायची खोड आमच्या भाषेत बहुधा सगळ्यात जास्त आहे आणि परदेशी माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो, असं तो म्हणतो. उदाहरणं देतो : कम ऑफ, फॉल ऑन, गिव्ह ओव्हर, सेट आउट, टेक ऑफ. पुढे तर सरळ कबुली की, यातले काही प्रयोग मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की ते तिथवर कोणत्या वाटेनं पोचले हे कितीही हुशार माणसाला सांगता येणार नाही.

आणि गंमत म्हणजे या प्रकाराला तेव्हा धड नावही नव्हतं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झालं. ते त्याला सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे आधी शतकानुशतकं लोकांना छळून झालं, बारसं मग झालं.

लेकीला सांगा, जॉन्सनसाहेबही 'पाठ कर' म्हणालेत.

मुंग्यांची_रांग

अर्धा कप यांच्याशी अर्धी असहमत. सगळ्या वाटा बुजलेल्या नाहीत. पुट अप विथची तर चांगली दिसते.

आधी 'विथ' काढून टाका. तो उशिरा चिकटलाय. शेक्सपिअरच्या काळात नुसतं 'पुट अप' म्हणूनही सहन करणे असाच अर्थ होता. ऑथेल्लोच्या चौथ्या अंकात रोडरिगो इयागोवर भडकतो. (देवलांचा 'झुंझारराव' पाहिला-वाचला असेल त्यांना कथा माहीत आहेच.) इयागोनं त्याला डेस्डेमोनाच्या नावानं झुलवत ठेवलंय, तिला द्यायचे म्हणून दागिने उकळलेत आणि पदरात काहीच पाडलेलं नाही. तेव्हा रोडरिगो म्हणतो की आता मी हे सोसणार नाही आणि आजवर मूर्खासारखं जे भोगलं ते गुपचूप 'पुट अप' करायलाही तयार नाही.

आता हे 'पुट अप' म्हणजे काय? तेव्हा त्याचा रोजच्या वापरातला एक अर्थ होता : वस्तू उचलून तिच्या जागी आत ठेवून देणे. खिशात, पेटीत, म्यानात. किंग लिअरच्या पहिल्या अंकात एडमंड एक पत्र वाचत असतो. बाप येताना दिसतो तसं तो ते घाईघाईनं लपवतो. बाप विचारतो, ते पत्र एवढ्या घाईनं 'पुट अप' का करतोयस? एडमंड म्हणतो, काही नाही. त्यावर बाप, काही नव्हतं तर मग खिशात कोंबायची एवढी तारांबळ कशाला? दोनचार ओळींत शेक्सपिअरनं स्वतःच अर्थ सांगून टाकलाय. पुट अप म्हणजे खिशात घालणे.

तेव्हा अपमान पुट अप करणे म्हणजे अपमान उचलला, खिशात टाकला, चालायला लागला. बदला नाही, आरडाओरड नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला 'विथ' लागला, वस्तू दिसेनाशी झाली आणि तुमच्या लेकीला कोडं पडलं.

कट्ट्यावरचा

भारी! पण खिसाच कशावरून? म्यान का नाही? 'पुट अप युवर सोर्ड' म्हणजे तलवार म्यान कर, हे मी कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे बायबलात वाचलंय. १६११ च्या भाषांतरात योहानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र प्रमुख याजकाच्या नोकराचा कान कापतो तेव्हा येशू त्याला हेच सांगतो. अपमान झाला, हात तलवारीकडे गेला, मग माणसानं विचार केला आणि तलवार म्यान केली. म्हणजे सहन केलं. मला हे जास्त पटतं. खिशापेक्षा दिसायलाही बरं.

मुंग्यांची_रांग

दिसायला नक्कीच बरं. पण वाक्यात कर्म काय आहे ते बघा. तलवार पुट अप करत नाहीत, अपमान पुट अप करतात. आणि खिशाच्या बाजूनं आणखी एक साक्षीदार आहे. त्याच काळात 'पॉकेट अप' असाही प्रयोग होता. शेक्सपिअरच्याच 'किंग जॉन' नाटकात ऑस्ट्रियाचा ड्यूक चारचौघांत शिव्या खाऊन म्हणतो, हे अन्याय मला खिशात घालावेच लागणार. त्याच्याच 'पाचवा हेन्री' नाटकात तो पोरगा आहे ना, चोरट्या सैनिकांच्या हाताखालचा, तोही हाच प्रयोग करतो. या लोकांची इच्छा आहे की मी इतरांच्या खिशात हात घालावा, पण दुसऱ्याच्या खिशातून काढून आपल्या खिशात घालणं म्हणजे सरळ सरळ 'अन्याय खिशात घालणं' होईल, असा त्याचा विनोद आहे. कोटी चालली म्हणजे अर्थ प्रेक्षकांच्या तोंडी होता.

म्यान आणि खिसा दोन्ही 'आत घालून ठेवणे' याच एका अर्थाची पिल्लं आहेत, एवढं मात्र मान्य.

सांजवात

अगं बाई, पण हे तर आपल्याकडेही आहे! फक्त आपण खिशात नाही, पोटात घालतो.

'पोरांचे अपराध पोटात घाल.' 'अपमान गिळला.' माझी आजी माजघरातल्या भांडणानंतर म्हणायची, "घातलं हो पोटात." आणि खरंच काही तरी गिळल्यासारखं तोंड करायची. इंग्रजाला खिसा सापडला, आपल्याला पोट. आपल्या बायकांच्या लुगड्याला खिसा होताच कुठे म्हणा!

मराठीत 'खिशात घालणे'चा अर्थ मात्र बरोब्बर उलटा. सामना खिशात घातला, करंडक खिशात घातला. तिथे जिंकलेली वस्तू जाते. पोटात जातो तो अपराध, गुपित आणि राग.

कट्ट्यावरचा

@सांजवात, दंडवत. आणि मराठी बायबलात त्या ठिकाणी 'तरवार म्यानात घाल' असंच आहे. इंग्रजीचं पुट ते आपलं घालणे.

सांजवात

हो ना! 'घालणे' काढून घ्या, मराठी माणूस मुका होईल. चष्मा घालतो, वाद घालतो, लक्ष घालतो, खतपाणी घालतो, भीक घालत नाही, कोंबडी अंडी घालते आणि आपण लोणचं घालतो. बाहेरच्या माणसानं हे कसं शिकायचं? त्या लेकीसारखी एखादी जर्मन मुलगी आईला विचारत असेल, कोंबडी अंडं कशात घालते?

स्पष्टवक्ता_७२

मराठी संस्थळावर इंग्रजीची शिकवणी कशाला? मुलांना 'पोटात घालणे' माहीत नाही, 'पुट अप विथ' मात्र यायला हवं. चालू द्या.

रोजची_धावपळ

काका, 'पोटात घालणे' तिला माहीत आहे. आजच तुमचा प्रतिसाद वाचून मी घातलं ते तिनं पाहिलं. :-)

मिलवॉकीची_माई

लोणच्यावरून आठवलं म्हणून लिहितेय.

मी विस्कॉन्सिनमध्ये नवीन होते तेव्हा शेजारी एक म्हातारी राहायची, शेतकरी घरातली. सप्टेंबरात भेटली तर म्हणाली की यंदा मी चाळीस बाटल्या टोमॅटो पुट अप केले. मला वाटलं, माळ्यावर ठेवले. मी आपली कौतुकानं तिच्या घराच्या छताकडे बघतेय. ती म्हणाली, चल दाखवते, आणि मला घेऊन गेली तळघरात! लाकडी फळ्यांवर ओळीनं काचेच्या बरण्या : टोमॅटो, पीच, काकडीचं लोणचं. सगळं 'अप' केलेलं, आणि जमिनीखाली.

तेव्हा कळलं की हा 'अप' वरचा नाहीच. तो 'नीट ठेवून दिलं, काम झालं' यातला आहे. इथल्या जुन्या बायका फळं-भाज्या टिकवण्याला पुटिंग अप म्हणतात. बरण्या भरायच्या, झाकणं लावायची, उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि बाहेर काढून टेबलावर ठेवल्या की गार होताना एकेक झाकण टक्क करून आत बसतं. म्हातारी ते टक्क मोजायची. चाळीस बरण्यांचे चाळीस टक्क ऐकू आल्याशिवाय झोपायला जायची नाही. या बरण्यांना अजून मेसन जार म्हणतात, जॉन मेसन नावाच्या माणसानं १८५८ साली आटे पाडलेल्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं त्याच्यावरून.

मी तिला कैरीचं लोणचं दिलं होतं. तिनं विचारलं, तू पुट अप केलंस? मी म्हटलं, आईनं 'घातलंय'.

मुंग्यांची_रांग

माई, तळघर! यापेक्षा चांगला पुरावा शेक्सपिअरकडेही नाही.

या 'अप'चं काम आपल्याकडे 'टाकणे' करतं बघा. ईट अप म्हणजे खाऊन टाक. ड्रिंक अप, पिऊन टाक. टेअर अप, फाडून टाक. तिकडे काही वर जात नाही आणि इकडे कोणी काही टाकत नाही. दोघांचंही म्हणणं एवढंच की अर्धवट सोडू नकोस. फरक म्हणजे ते क्रियापदामागे दिशा लावतात, आपण दुसरं क्रियापद. आणि आपल्याकडे तर त्यात स्वभावही येतो. 'लिहून टाकलं' म्हणजे सुटलो. 'लिहून बसलो' म्हणजे चुकलो. 'बोलून गेला' म्हणजे भान नव्हतं. सहन करण्यासाठी आपलं जे रोजचं क्रियापद आहे, 'खपवून घेणे', तेही तसलंच जोडकाम. खपवणे म्हणजे विकणे, घेणे म्हणजे घेणे. विकून घेणे म्हणजे सहन करणे कसं, सांगा आता लेकीला.

तद्धित

छान धागा. थोडं संस्कृत चालेल ना?

पुट या एका धातूला ऑफ, आउट, ऑन, अप लावून अर्थ कुठल्या कुठे नेणं याचं आपल्या परंपरेला अजिबात नवल नाही. वैयाकरणांचा जुना श्लोक आहे :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला 'बलात्', म्हणजे जबरदस्तीनं, दुसरीकडेच ओढून नेतो. धातू एकच, हृ म्हणजे नेणे. प्रहार केला की मारलं, आहार घेतला की खाल्लं, संहार, विहार, परिहार. पाच शब्द, पाच अर्थ आणि पाचही आपण मराठीत रोज वापरतो. मला त्या श्लोकातला 'बलात्' हा शब्द फार आवडतो. जॉन्सन त्या प्रस्तावनेत जे म्हणतो ते या एका शब्दात आलंय.

आता कोणी म्हणेल, उपसर्ग पुढे चिकटतो, इंग्रजीचा अप मागे आणि सुटा असतो. तर वेदात उपसर्गही सुटा फिरायचा. ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त घ्या, सातवी ऋचा :

उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् ।
नमो भरन्त एमसि ॥

हे अग्ने, आम्ही रोज नमस्कार घेऊन तुझ्याजवळ येतो. यातला 'येतो' शेवटी आहे, 'एमसि', आणि त्याचा 'उप' थेट पहिल्या शब्दात. मध्ये अख्खं वाक्य. 'पुट द टेंट अप'मध्ये तंबू मधे येतो, इथे अग्नी, आम्ही आणि नमस्कार सगळेच मधे आलेत. पाणिनीनं तर सूत्रांत नोंद केलीय की एरवी उपसर्ग धातूच्या आधी, पण वेदात नंतरही येतो आणि लांबही पडतो (१.४.८० ते ८२).

अर्धा_कप

तद्धित, साष्टांग. माझा अर्धा कप चहा गार झाला.

बर्लिनकर

जर्मनमध्ये हे अजूनही जिवंत आहे, आणि रोज जीव खातं. 'आउफ' म्हणजे इंग्रजीचा अप. आउफगेबेन म्हणजे सोडून देणे, म्हणजे शब्दशः गिव्ह अपच. मूळ रूपात आउफ पुढे चिकटलेला, पण वाक्यात आला की सुटून शेवटी जाऊन बसतो. जर्मन माणूस लांबलचक वाक्य बोलत असतो आणि तो शेवटचा आउफ येईपर्यंत आपल्याला कळत नाही की ह्यानं दिलं की सोडलं.

आउफहेबेन हे तर धाग्याच्या विषयाचं सख्खं भावंड. शब्दशः वर उचलणे. अर्थ तीन : जमिनीवरून उचलणे, जपून ठेवणे, आणि रद्द करणे. माईंच्या म्हातारीच्या बरण्या आणि सरकारनं मागे घेतलेला नियम, दोन्हीला एकच शब्द.

इंग्रजीतही मुळात असे उपसर्ग पुढे लागायचे. अंडरस्टँड, फर्गिव्ह ही त्यातली उरलेली. नंतर हे छोटे शब्द सुटे होऊन मागे जायला लागले आणि त्याला इंग्लंडात वस्ती केलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीचाही हातभार लागला असं मानतात. म्हणून इंग्रजीत कधी कधी दोन्ही दिसतात. आउटब्रेक आणि ब्रेक आउट, अपसेट आणि सेट अप. पण अपसेटचा आणि सेट अपचा आज काही संबंध नाही. भाऊ वेगळे झाले.

निवृत्त_अव्वल_कारकून

तुमचं शेक्सपिअर, वेद सगळं वाचलं. पण पुट अपवर आमचाही हक्क आहे. अडतीस वर्षं फायली पुट अप केल्यात.

महसूल खात्यात लागलो तेव्हा राजभाषा अधिनियम होऊन (१९६४ चा) बरीच वर्षं झाली होती. कागदावर सगळं मराठी. टिप्पणी मराठीत, खाली 'मान्यतेस्तव सादर', 'अवलोकनार्थ सादर'. तोंडात मात्र, "अरे ती कूळकायद्याची फाईल पुटअप केलीस का?" आम्हाला तो इंग्रजी शब्द वाटायचाच नाही. एक शिपाई होता आमच्याकडे, तो म्हणायचा, "सायब, फाईल पुटाप केली." त्यानं केलेलं पुटाप म्हणजे फाईल टेबलावरच्या ढिगात सर्वात वर ठेवणे. कोणाला अर्जंट असेल त्याची. त्या अर्थानं अप अगदी बरोबर होता.

एका कचेरीत (नाव कशाला सांगू) एक प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत सात महिने पुट अप होत होतं. खालून वर गेलं की शेरा यायचा, 'पूर्वपीठिकेसह फेरसादर करा'. पूर्वपीठिका जोडली की 'बोला' असा शेरा. बोलायला गेलं की साहेब दौऱ्यावर. आले की म्हणायचे, पुट अप करा. अर्जदार बिचारा दर सोमवारी यायचा, बाकावर बसायचा, पाणी पिऊन जायचा. आज या धाग्यामुळे कळलं. फाईल आम्ही पुट अप करत होतो, आणि 'पुट अप विथ' तो करत होता.

बर्लिनकर

काका, याच्यासाठी टोपी काढली.

मुंग्यांची_रांग

काकांच्या पुट अपमागेही परंपरा आहे बरं का. पूर्वी इंग्रजीत देवापुढे प्रार्थना आणि राजापुढे अर्ज 'पुट अप' करत. वरच्याकडे पाठवणे. कचेरीतला अप हा खरोखरचा वर आहे, साहेबापर्यंतचा.

आपल्याकडे आणखी एक पुट अप चालतो, 'व्हेअर आर यू पुट अप?' मुलाखतीला आलेल्या बाहेरगावच्या मुलाला हमखास विचारतात. तोही जुन्या सरायांच्या काळातला. प्रवासी सराईत उतरला की त्याचा घोडा तबेल्यात 'पुट अप' व्हायचा आणि तोही वर खोलीत. पुन्हा तेच, जागच्या जागी आत ठेवणे. आज घोडे गेले, लॉज राहिले.

पीटी_सर

मीही थोडं लिहितो, भाषेतलं नाही, मैदानातलं.

तुम्ही सगळे 'अप'च्या मागे लागलात, 'पुट'ला कुणी विचारलंच नाही. त्याचा मूळ अर्थ ठेवणे नाही, ढकलणे आहे. तो आजही शाबूत आहे आमच्या शॉटपुटमध्ये. आपण मराठीत गोळाफेक म्हणतो, पण फेकला तर तो फाउल! गोळा मानेला, हनुवटीखाली टेकलेला हवा आणि तिथून खांद्याच्या जोरावर एका हातानं ढकलायचा. हात खांद्याच्या मागे नेऊन भाला फेकतात तसा टाकला की पंच लाल झेंडा वर करतो. दर वर्षी आठवीची पोरं हेच करतात आणि माझ्याशी भांडतात, "सर, नावच गोळाफेक आहे ना?" पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, बायकांचा ४ किलो. फेकायला गेलात तर खांदा निखळेल. गोल्फमधला पट तोही तोच शब्द, चेंडू हळूच ढकलणे.

मुंग्यांची_रांग

सर, तुम्ही धाग्याचं एक टोक दुसऱ्याला बांधून दिलंत. जुन्या इंग्रजीत या पुटचा जो माग लागतो तो 'पुटुंग' या नामात, आणि त्याचा अर्थ चिथावणी. ढकलणे, पण मनाला. आज 'हू पुट यू अप टू धिस?' म्हणजे तुला कुणी फूस लावली, त्यात तो हजार वर्षांचा धक्का अजून लागतोय.

आणि 'पुट-अप जॉब' म्हणजे आधी ठरवून केलेला बनाव हीसुद्धा मुळात चोरांची भाषा. जेम्स हार्डी वॉ नावाच्या, ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यानं १८१२ साली चोरांच्या बोलीचा कोश लिहिला. त्यात तो आहे : घराची माहिती असलेल्या माणसाच्या सांगण्यावरून आखलेली चोरी. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत डिटेक्टिव्ह ब्लॅदर्स हे घरच्या बायकांना समजावून सांगतो, घरातले नोकर सामील असले की त्याला आम्ही पुट-अप चोरी म्हणतो. आपला घरभेदी.

खोडरबर

चर्चिलचा किस्सा कुणी कसा टाकला नाही अजून? कुणा कारकुनानं त्याचं वाक्य दुरुस्त केलं, शेवटी आलेलं अव्यय उचलून आधी आणलं. तर चर्चिलनं समासात लिहिलं, 'धिस इज द सॉर्ट ऑफ इंग्लिश अप विथ विच आय विल नॉट पुट.' हसून हसून पुरेवाट.

अर्धा_कप

किस्सा झकास, पण चर्चिलचा असल्याला आधार नाही. हा विनोद १९४२ साली छापून आलेला सापडतो आणि त्यात चर्चिल नाही. चांगला विनोद अनाथ दिसला की लोक त्याला मोठ्या माणसाला दत्तक देतात. आपल्याकडे पुलंना किती दिलेत!

वाक्याच्या शेवटी असला शब्द येऊ नये या खुळाचा बोभाटा मात्र कवी ड्रायडननं केला. १६७२ साली त्यानं नाटककार बेन जॉन्सनच्या (आपला कोशवाला नव्हे) ओळींत ही 'चूक' काढली. लॅटिनमध्ये चालत नाही म्हणून इंग्रजीत चालू नये, असं ते प्रकरण. पण पुट अप विथ हे तिघांचं कुटुंब आहे, त्याला तोडून पुढे आणलं की काय हसं होतं तेच त्या विनोदात आहे. खोडरबरला धन्यवाद, योग्य ठिकाणी आणलंत.

स्पष्टवक्ता_७२

संस्कृतचा भाग आवडला. आधीचा प्रतिसाद मागे घेतो. ('मागे घेणे' हेही फ्रेझल व्हर्बच झालं की मग!)

सांजवात

झालंच की काका. 'डोकं वर काढणे', 'पुढे येणे', 'मागे लागणे', 'अंगाशी येणे'. फक्त आपण त्याची यादी करून नववीच्या पोरांना पाठ करायला लावत नाही.

रोजची_धावपळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. तिला बसवून सगळं वाचून दाखवलं. तळघरातल्या बरण्या आणि लाल झेंडा विशेष आवडले. खिशाचं ऐकून म्हणाली, "म्हणजे बाबा आत्याचं बोलणं खिशात घालतात." नवरा पेपरच्या मागून काही बोलला नाही. पुट अप केलं असावं.

आता पुढचं ऐका. काल शाळेत वीस मार्कांची चाचणी होती. 'पुट अप विथ' वापरून वाक्य करा. बाईसाहेबांनी लिहिलं की राजानं अपमान पुट अप केला. 'विथ' मुद्दाम गाळला, आणि कंसात 'जुना अर्थ'! बाईंनी लाल शाईनं विथ घुसडला आणि अर्धा मार्क कापला. मी म्हटलं, उद्या शाळेत येऊन शेक्सपिअर दाखवू का बाईंना?

निवृत्त_अव्वल_कारकून

अर्ज करा. मसुदा मी देतो. 'अर्ध्या गुणाच्या फेरविचारार्थ सविनय सादर'.

रोजची_धावपळ

काका, तिला तेच म्हटलं. दप्तर भरत होती. पेपर घडी घालून कंपासपेटीत ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे आई. पुट अप."